सर्व्हरची खंडेनवमी

दसऱ्याच्या सकाळी धारवाडच्या एका श्राव्य ग्रंथालयाचा फोन बोलेनासा झाला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तिथला सर्व्हर पूजेसाठी बंद केला होता. दसऱ्याला सकाळी तो पुन्हा चालू केला. यंत्र चालू झालं. बाहेरच्या जगाशी असलेला त्याचा संबंध मात्र परत आला नाही. दुपारपर्यंत या बिघाडाचा दोष ग्रंथालयाच्या सेविका रुक्माक्का यांच्यावर ठेवला गेला होता.

हे ग्रंथालय डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्यांसाठी आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, गृहिणी पुस्तकं मोठ्यानं वाचतात. कुणी तिथल्या लहान खोलीत बसून, कुणी आपल्या घरी. कुणी कन्नड वाचतं, कुणी मराठी. ते आवाज सर्व्हरवर साठवले जातात. ऐकणारा घरून फोन लावतो, पुस्तकाचा क्रमांक दाबतो आणि आदल्या दिवशी जिथं थांबला होता तिथून पुस्तक पुढं सुरू होतं. अळणावरकडच्या एखाद्या खेड्यात पडवीत बसलेला म्हातारा आणि धारवाडात कधी तरी एका दुपारी कुणी वाचलेलं पान, यांच्यामध्ये एवढीच वाट आहे: फोनची तार, एक छोटी पेटी, एक केबल आणि सर्व्हर.

त्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे होती. त्याआधी मी हुबळीत एका वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो. सुरुवातीला बातम्या लिहीत असे. पुढं कचेरीत संगणक आले आणि ते सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून माझ्याकडे दिले गेले. निवृत्त झाल्यावर तिथल्याच लॅमिंग्टन रोडला एका दुकानाच्या वर खोली घेतली आणि लोकांचे सर्व्हर सांभाळू लागलो. बातमीदारीतला एक नियम या कामात उपयोगी पडला. काय झालं, कधी झालं आणि त्यातल्या कशाची खात्री झाली, एवढंच लिहायचं.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांसाठी आणि माणसांसाठी सतत जागा राहणारा संगणक. त्याला पडदा नसला तरी चालतं, पण बाहेर जाणारी वाट लागते. वाट बंद झाली की आतलं सगळं धडधाकट असूनही काही उपयोग नसतो. मला येणाऱ्या बोलावण्यांपैकी बरीचशी याच कारणानं येत. काही वेगळ्या कारणांनीही येत. दुर्गदबैल पेठेतल्या एका कापड व्यापाऱ्यांनी धूळ बसू नये म्हणून सर्व्हरवर इरकली लुगडं पांघरलं होतं. यंत्र तापून बंद पडायचं. लुगडं काढायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, थंडीचे दिवस आहेत." अमरगोळच्या बाजार आवारात एका अडत दुकानातल्या यंत्राच्या पंख्यात मिरचीची पूड बसायची. झाकण उघडलं की मी शिंकायचो, अडते शिंकायचे, दाराबाहेरचे हमाल शिंकायचे. कुणी तरी म्हणायचं, "डॉक्टर आले बघा."

दुर्गदबैलातले तेच व्यापारी दुकान बंद करताना सर्व्हरही बंद करायचे. "आपण झोपायचं आणि त्यानं जागायचं, हे बरोबर नव्हे की." मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न सोडून दिला. आता वाटतं, या गोष्टीतला बिघाड त्यांच्याकडे महिनोन्महिने लपून राहिला नसता.

ग्रंथालयातला सर्व्हर वर्षातून एकदाच बंद होई. खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे बसगाड्यांना केळीचे खुंट बांधतात, रस्त्यावर कोहळे फुटतात, सुताराची करवत आणि शिंप्याचं मशीन पाटावर मांडतात. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. ग्रंथालयात हत्यार म्हणजे हे एकच. रुक्माक्का सकाळी तो रीतसर बंद करत, पुसून घेत, हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत आणि दिवसभर त्याला झोपू देत. बंद कसा करायचा आणि चालू कसा करायचा हे मीच त्यांना शिकवलं होतं. ऐकणाऱ्यांनाही ठाऊक होतं. खंडेनवमीला पुस्तक नाही, दसऱ्याला पुन्हा.

दसऱ्याला दुपारी मी हुबळीहून बसनं धारवाडला गेलो. बसच्या काचेवर झेंडूची माळ लोंबत होती आणि वळणावर ती ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरून इकडून तिकडं जाई. तो तिला न हटवता तिच्यामधून रस्ता बघत होता. ऊन असं होतं की झाडांच्या सावल्यांनाही पिवळी कड आली होती.

रुक्माक्का ग्रंथालयाच्या पायरीवर उभ्या होत्या. अळणावरजवळच्या खेड्यातलं शेतमजुरी करणारं घर त्यांचं. धारवाडात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. ग्रंथालय उघडणं, झाडणं, फोन घेणं, सगळं त्यांच्याकडे. मागच्या बाजूची खोली कामाबरोबर मिळालेली होती. काम गेलं तर खोलीही जाणार, हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी माझ्या हातावर बन्नीची, म्हणजे शमीची पानं ठेवली, दसऱ्याचं सोनं. "बन्नी तगोंड बंगारधंग इरोण, अण्णा," म्हणाल्या, आणि लगेच मराठीत, "सोन्यासारखं काय राहणार म्हणा. आत जावा. वकीलसाहेब आलेत."

"काय झालं ते आधी सांगा."

"काल बंद केलं तेव्हा बरं होतं. आज चालू केलं. दिवे लागले, घरघर आली, सगळं आलं. पण बोलेना. तेवढ्यात बाहेरच्या साध्या फोनवर लोकांचे फोन सुरू झाले. दांडेलीचे मास्तर म्हणतात, अक्का, पुस्तक अजून उठलं नाही का? मी म्हटलं, उठतंय, तोंड धुतंय. किती वेळ सांगायचं तसं?"

सर्व्हरची खोली मागच्या बाजूला होती. पूर्वी तिथं छापील पुस्तकं असत; भिंतीवर कपाटांच्या सावल्यांसारखे फिकट चौकोन राहिले होते. खिडकीला हिरवी काच. त्या उजेडात माळ घातलेलं यंत्र पाण्याखाली ठेवल्यासारखं दिसत होतं. पंखे घरघरत होते.

"काल दुपारी मी इथं बसले होते," रुक्माक्का हळू आवाजात म्हणाल्या. "हा आवाज बंद झाला तर बाहेरच्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं. एवढी वर्षं ते चालतंय, मला ठाऊकच नव्हतं."

इनामदार वकील खुर्चीत बसले होते. ते संस्थेचे सचिव. कोर्टात जाणं त्यांनी सोडलं होतं, पण प्रश्न विचारण्याची पद्धत सुटली नव्हती. माझ्याशी बोलण्याआधी ते रुक्माक्कांकडे वळले.

"यांच्यासमोर सांगा. पाणी शिंपडलं होतं की नाही?"

"शिंपडलं. फुलानं. तांब्यानं नव्हे."

"फुलात पाणी असतं की नसतं?"

"असतंय की साहेब. कोरड्या फुलानं काय शिंपडायचं?"

"साकु, अक्का." वकिलांनी हात वर केला. पुरे, असं त्यांना म्हणायचं होतं; रागावले की ते कन्नडवर जात. मग मला म्हणाले, "कबुली आहे. विजेच्या यंत्रावर पाणी. तुम्ही तपासा आणि दोन ओळी लिहून द्या, कार्यकारिणीपुढं ठेवतो. उद्यापासून दुसरी व्यवस्था करतो आहे. किल्ल्या इथं ठेवा, अक्का."

रुक्माक्कांनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि टेबलावर, बन्नीच्या पानांच्या ताटलीशेजारी ठेवल्या. वकिलांनी त्या ताटलीतलं पान घेतलं नव्हतं.

"आवाज आहेत की गेले, तेवढं आधी सांगा," ते मला म्हणाले.

मी मागं जाऊन बघितलं. नेटवर्क कार्ड म्हणजे सर्व्हरच्या पाठीशी बसवलेली छोटी पट्टी. केबल तिच्यात शिरते. केबल जोडली की शेजारी हिरवा दिवा लागतो आणि माहिती येऊ-जाऊ लागली की लुकलुकतो. दिवा बंद होता. कार्डाच्या बाजूच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. वकील वाकून बघत होते. "हा पुरावा," ते म्हणाले.

"हे कुंकू आहे. पाणी नाही."

"ओलं करूनच लावतात."

ते खरं होतं. रुक्माक्काही मान हलवून हो म्हणाल्या.

असा बिघाड शोधताना एकेक संशय बाजूला काढत जायचं असतं. केबल काढून मी माझ्या लॅपटॉपला लावली. फोनच्या पेटीनं लगेच उत्तर दिलं. म्हणजे वाट सर्व्हरच्या उंबऱ्यापर्यंत नीट होती. मग सर्व्हरला पडदा आणि कळफलक जोडला आणि त्यालाच विचारलं, तुझ्याकडे बाहेर जायचे मार्ग कोणते? त्यानं एकच नाव दाखवलं, 'लो'.

प्रत्येक सर्व्हरमध्ये हा एक मार्ग असतो. तो बाहेर जात नाही. यंत्र त्यावरून स्वतःलाच निरोप पाठवतं आणि स्वतःच घेतं. मी त्या पत्त्यावर हाक पाठवली. उत्तर त्याच क्षणी आलं. पुन्हा पाठवली, पुन्हा आलं. सगळ्या खोलीत कुणाचं कुणाशी बोलणं चाललेलं नव्हतं, आणि हिरव्या उजेडात ते यंत्र स्वतःला हाका मारून ओ देत होतं.

आवाज शाबूत आहेत का ते बघण्यासाठी मी हेडफोन लावला आणि यादीतलं एक पुस्तक सुरू केलं. एका बाईंचा आवाज आला. घाई नाही, चढउतार फारसे नाहीत. वाक्य संपल्यावर त्या किंचित थांबत, जणू ऐकणारा पान उलटतो आहे. मागं कुठं तरी कुकरची शिट्टी झाली, एक कावळा ओरडला, आणि त्या वाचत राहिल्या. घरी वाचलेल्या पुस्तकांत घर येतंच. मी कामासाठी ऐकत होतो, पण दोन पानं झाल्यावर लक्षात आलं की मी ऐकतोच आहे.

"आवाज आहेत," मी म्हणालो. "एकही गेलेला दिसत नाही. ऐकून बघता?"

वकिलांनी हेडफोनकडे बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. थोड्या वेळानं ते उठून व्हरांड्यात गेले.

"सुधाबाईंचा आवाज लावलात तुम्ही," पडद्यावरचा पुस्तकाचा क्रमांक बघून रुक्माक्का म्हणाल्या. "साहेबांच्या बायको. जाऊन दोन पावसाळे झाले. साहेब रोज जेवण झालं की घरून फोन लावतात. मला वाटतं, मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून रागावलेत. त्यांचं काय चुकलं?"

त्यानंतर मी कार्डाची चौकशी केली. यंत्रात कोणकोणते सुटे भाग बसवलेत याची नोंद यंत्र स्वतः देतं. कार्ड त्या नोंदीत होतं. त्याचं नाव, बनावट, सगळं दिसत होतं. फक्त त्याच्याशी बोलायचं कसं, हे यंत्राला आठवत नव्हतं. ओळखीचा माणूस समोर उभा आहे आणि भाषा विसरली आहे, तसं काहीसं.

कारण इथं सांगितलं पाहिजे. संगणकात यंत्राचे भाग आणि बाकी सगळं काम यांच्यामध्ये एक गाभा असतो. कर्नल म्हणतात त्याला. तो अधूनमधून सुधारून येतो. नवा गाभा यंत्र स्वतःच उतरवून घेतं आणि ठेवून देतं. पण चालू असलेलं यंत्र जुन्या गाभ्यावरच चालत राहतं. नवा अंगात येतो तो यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावर. या कार्डाशी बोलण्याची भाषा, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, गाभ्यात नव्हती. गेल्या दसऱ्यानंतर कार्ड बसवताना ती वेगळी घातली होती, तेव्हाच्या गाभ्यापुरती. पुढं कधी तरी नवा गाभा आला आणि कोपऱ्यात वाट बघत राहिला. यंत्राला जोडलेल्या बॅटऱ्या चांगल्या होत्या, वीज गेली तरी यंत्र बंद पडत नसे. त्याला डोळा मिटायला मिळाला तो थेट खंडेनवमीला. झोपताना जुना होता, उठला तो नवा होऊन.

मी वकिलांना आत बोलावून हे सांगितलं.

"हे तुमचं मत झालं," ते म्हणाले. "पाण्यानं कार्ड बिघडलं असेल तरी ते असंच दिसणार नाही कशावरून?"

"तपासता येईल. जुना गाभा यंत्रात अजून आहे. यंत्र पुन्हा चालू करताना तो निवडता येतो. कार्डाला मी हात लावणार नाही. कुंकूसुद्धा पुसणार नाही. दिवा लागला तर दोष पाण्याचा नाही. नाही लागला तर तुम्ही म्हणता तसं लिहीन."

"नाही लागला तर," वकील रुक्माक्कांकडे बघून म्हणाले.

"मग जाते की," रुक्माक्का म्हणाल्या. "भाऊ आहे गावात. पण तुम्ही चालू करा अण्णा. मास्तर खोळंबलेत."

मी यंत्र बंद केलं. पंखे एकेक करून मंदावले. खोलीत आधी काहीच उरलं नाही, मग बाहेरच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येऊ लागलं, रुक्माक्कांनी सांगितल्याप्रमाणे. त्यामागून आणखी आवाज आले. गल्लीत कुणी सायकलची घंटी वाजवली. छपरावर खार पळाली. झेंडूची एक पाकळी सुटून फरशीवर पडली तेव्हा तिचाही आवाज झाल्यासारखा वाटला. हल्ली बरेचसे सर्व्हर दूरच्या शहरांत, कुणी न बघितलेल्या इमारतींत असतात. त्यांना कुणी माळ घालत नाही आणि ते कधी गप्प बसत नाहीत. आम्ही तिघं त्या बंद यंत्राभोवती, घरात कुणी झोपलं असताना बोलू नये तसे उभे होतो.

मी कळ दाबली. यंत्र उठायला वेळ घेतं. आधी आपली स्मृती मोजतं, मग डिस्कच्या चकत्या चाचपतं. पडद्यावर निवड आली. नव्या गाभ्याच्या खाली जुन्याचं नाव होतं. ते निवडलं. ओळी वर सरकू लागल्या. वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. रुक्माक्का पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या यंत्राच्या मागच्या बाजूला, भिंतीला टेकून, कुंकवाच्या बोटाकडे बघत होत्या.

"लागला," त्या म्हणाल्या.

हिरवा दिवा लागला होता. मग तो लुकलुकू लागला. बाहेरच्या खोलीत फोनच्या पेटीचा दिवाही लागला. मी पुन्हा यंत्राला विचारलं, बाहेर जायचे मार्ग कोणते? त्यानं दोन नावं दाखवली.

वकील म्हणाले, "तरी एक मुद्दा उरतो. पूजेसाठी बंद केलं नसतं तर हे झालंच नसतं."

"झालं असतं," मी म्हणालो. "बॅटरी संपेल त्या दिवशी. ऐकणाऱ्या मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत, किंवा मी गावाला गेलो असताना. आज निदान सगळे इथं आहोत."

"हे तज्ज्ञ म्हणून सांगता की साक्षीदार म्हणून?"

"दोन्ही."

"तसं चालत नाही," ते म्हणाले. पण आवाज कोर्टातला नव्हता.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. सर्व्हरपासून हातभर अंतरावर उभं राहून त्यांनी ग्रंथालयाचा क्रमांक लावला. हेडफोन टेबलावरच होता. पलीकडून स्वागताचे शब्द येऊन गेले. त्यांनी न बघता पुस्तकाचा क्रमांक दाबला आणि खिडकीकडे तोंड केलं. कार्डावरचा दिवा भरभर लुकलुकू लागला. यंत्रातून निघालेला आवाज भिंतीतून, तारेतून, शहरावरून फिरून त्याच खोलीत त्यांच्या कानाशी परत येत होता. आम्हाला शब्द कळत नव्हते. एक बाई वाचते आहे एवढं कळत होतं.

रुक्माक्का फरशीवरच्या पाकळ्या वेचू लागल्या. मी कळफलक सोडवला, माझ्या वस्तू पिशवीत भरल्या.

वकिलांनी फोन बंद केला तेव्हा खिडकीची हिरवी काच काळपट झाली होती. "परवा जिथं थांबलो होतो तिथूनच लागलं," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते स्पष्ट नव्हतं. मग रुक्माक्कांना, "अक्का, पुढच्या वर्षी कुंकू दाराला लावा."

"दाराला लावते. माळ?"

"माळ राहू दे."

दाराशी त्यांनी ताटलीतलं बन्नीचं एक पान उचललं, खिशात घातलं आणि निघून गेले.

मी दोन ओळी लिहिल्या. कर्नल बदलल्यामुळे नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर चालू झाला नव्हता; जुन्या कर्नलवर तेच कार्ड, न बदलता व न पुसता, व्यवस्थित चालते. तूर्त जुनाच कर्नल कायम ठेवला आहे. कागद टेबलावर ठेवला. नव्या गाभ्यासाठी ड्रायव्हर मी पुढच्या आठवड्यात बसवला.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. रुक्माक्कांनी घेतला. "हां मास्तर, उठलं. लावा आता," म्हणाल्या आणि ठेवला.

मी बसथांब्याकडे निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. टेबलावरच्या किल्ल्या उचलून ग्रंथालयाला कुलूप रुक्माक्कांनी लावलं.